प्रगतिपुस्तकातील शेरा आणि पालकांचा हक्क

वसंतातील व्याख्याने आणि शाळांचे निकाल ही दोन्ही आपल्याकडे एकाच सुमारास येतात. संध्याकाळी व्याख्यानाला येऊन बसलेल्या मंडळींपैकी कित्येकांच्या घरी त्याच आठवड्यात मुलाचे किंवा नातवाचे प्रगतिपुस्तक आलेले असते. ते उघडून पाहिले तर गुणांच्या रकान्यांखाली एक ओळ हमखास सापडते. 'वाचनाचा सराव आवश्यक', 'लेखनात सुधारणा हवी', 'प्रयत्न केल्यास प्रगती होईल'. उंची आणि वजन असेही दोन रकाने असतात. त्यांत दोन आकडे भरलेले असतात आणि त्या आकड्यांचा अर्थ काय, हे शाळा सांगत नाही व पालकही विचारीत नाहीत.

आम्ही स्वतः बरीच वर्षे शिक्षकाचा व्यवसाय केला. असे शेरे आमच्याही हातून शेकड्यांनी लिहिले गेले. त्यांतील एक अजून बोचतो. पाचवीच्या वर्गात एक मुलगा होता. आग्र्याहून सुटकेची हकीकत तो अशी रंगवून सांगे की, मागच्या बाकावरची पोरेही मान वर करून ऐकत. पण तीच हकीकत लिहावयास सांगितली की पान जवळजवळ कोरे. 'आग्रा' हा शब्द तो 'आर्गा' असा लिही, 'सुटका'चे 'सुकटा' करी, आणि वाचायला उभा केला की दुसऱ्या ओळीपर्यंत घामाघूम होई. आम्ही त्याच्या प्रगतिपुस्तकात लिहिले, 'हुशार आहे, पण आळशी आहे.' सलग चार चाचण्यांना हाच शेरा. वडिलांनी तो वाचला आणि आळसावर आपल्या परीने उपाय केला. तो कोणता, हे येथे सांगण्याचे कारण नाही. त्या पिढीतील सर्वांना तो ठाऊक आहे.

आम्हाला जे दिसत होते ते आम्ही लिहिले नाही, आणि जे ठाऊक नव्हते ते लिहून मोकळे झालो. दिसत असे होते की, या मुलाच्या तोंडी उत्तरात आणि लेखी उत्तरात दोन इयत्तांचे अंतर आहे, तो ऐकलेले विसरत नाही, आणि छापील ओळ समोर आली की मात्र अडतो. एवढेच साध्या शब्दांत लिहिले असते, तरी त्या घरातील पुष्कळ संध्याकाळी निराळ्या गेल्या असत्या. आळस हा तर आमचा तर्क होता, आणि तर्काला आम्ही प्रगतिपुस्तकात वस्तुस्थितीची जागा दिली.

१८९६ साली इंग्लंडमधील प्रिंगल मॉर्गन नावाच्या एका डॉक्टरांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अशाच एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत छापली. मुलगा तरतरीत, खेळात चपळ, पण वाचनात पार मागे. त्याच्या शिक्षकाचे म्हणणे मॉर्गन यांनी नोंदविले आहे. सगळे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे ते होते. म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी एका मास्तरांनी नेमके ते पाहिले व सांगितले, जे पाहूनही आम्ही 'आळशी' असे लिहिले.

या अडचणीला डिसलेक्सिया म्हणतात. सरकारी मराठीत ती 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' या मोठ्या नावाखाली येते. त्याच नावाखाली लेखनाची आणि आकडेमोडीची अडचणही मोडते. ही बुद्धीची उणीव नव्हे, आणि डोळ्यांचा दोषही नव्हे. चष्म्याने ती जात नाही. बोललेला शब्द सुट्या ध्वनींत फोडणे आणि त्या ध्वनींची अक्षरांशी झटपट गाठ घालणे हे जे काम बहुतेक मुलांच्या मेंदूत हळूहळू आपोआप होऊ लागते, ते या मुलांच्या बाबतीत होत नाही. प्रत्येक शब्द त्यांना जणू नव्याने सोडवावा लागतो. ही प्रवृत्ती घराण्यात उतरते. तिच्यावर औषध नाही. पण ध्वनी आणि अक्षर यांची जोडी पायरीपायरीने, पुन्हा पुन्हा, मुद्दाम शिकविली तर वाचन सुधारते, आणि हे शिक्षण जितके लवकर सुरू होईल तितके बरे. शंभरांत पाच ते दहा मुलांना कमीअधिक प्रमाणात ही अडचण असते असा अंदाज नेहमी दिला जातो. चाळीस मुलांच्या वर्गात दोन ते चार मुले झाली.

येथे कोणी म्हणेल की, हा इंग्रजीचा रोग आहे. आपली मराठी जशी बोलावी तशी लिहिता येते. हे अर्धेच खरे आहे. इंग्रजी स्पेलिंगचा जाच मराठीत नाही, हे कबूल. पण देवनागरी मुलाला कोठे कोठे चकवते ते पाहावे. 'कि' म्हणताना आधी क येतो आणि मग इकार. लिहिताना मात्र वेलांटी क च्या आधी उभी. 'कर्म' म्हणताना र हा म च्या आधी; कागदावर तो म च्या डोक्यावर चढून बसलेला. त्याच र ची 'क्र', 'ट्र', 'र्क' आणि 'ऱ्या' अशी चार सोंगे. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांत फरक तो एका रेघेचा किंवा गाठीचा. आमचा तो विद्यार्थी 'आग्रा'चे 'आर्गा' करी, तेव्हा र त्याला ऐकू येत होता आणि तो कागदावर उतरतही होता. तो कोठे मांडायचा, एवढेच त्याला ठरत नव्हते.

आकड्यांचेही तसेच. 'त्रेपन्न' या शब्दात तीन आधी आणि पन्नास मागून. लिहायचे मात्र ५३. ज्या मुलाचा क्रमाशीच झगडा आहे तो ३५ लिहितो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'पन्नास तीन' अशी वाचनाची रीत आली, तेव्हा गावोगाव थट्टेला ऊत आला होता. त्या थट्टेत आम्हीही थोडे सामील होतो. पण त्रेपन्न ऐकून पस्तीस लिहिणाऱ्या मुलाशेजारी जो तासभर बसला आहे त्याला त्या पुस्तकाचे तितकेसे हसू येणार नाही.

मात्र वाचन अडले की तो डिसलेक्सियाच, असेही नव्हे. मुलाला दूरचे दिसत नसेल, कानाने कमी ऐकू येत असेल, ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर निम्मे वर्ष शाळा बुडाली असेल, घरी पावरी किंवा गोंडी बोलली जात असून शाळा मराठीची असेल, किंवा घरात इंग्रजीचा गंध नसता मुलाला इंग्रजी शाळेत घातले असेल, तर वाचन अडण्याची कारणे वेगळी आणि उपायही वेगळे. म्हणून आधी डोळे व कान तपासावेत, आणि मग मुलाच्या सवयीच्या भाषेत चाचणी व्हावी. हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली भारतीय भाषांसाठी जी डिसलेक्सियाची चाचणी तयार केली तीत हिंदी, कन्नड व इंग्रजी यांच्या जोडीला मराठीही आहे. ही गोष्ट शाळांना ठाऊक असावी आणि पालकांनाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या चोविसाव्या कलमात शिक्षकाची कर्तव्ये दिली आहेत. प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत पाहून गरजेप्रमाणे जादा शिकविणे हे त्यांतील एक. पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, झालेली प्रगती आणि इतर संबंधित माहिती त्यांना देणे हे दुसरे. माहिती देणे ही शिक्षकाची मेहेरबानी नव्हे, ते त्याचे काम आहे. त्यात कसूर झाल्यास शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, असेही त्याच कलमात आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला प्रथमच दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले, आणि सोळाव्या कलमात ती शक्य तितक्या लवकर ओळखून तिच्यावर शिक्षणाचे व इतर योग्य उपाय योजावेत, असे म्हटले. २०१८ साली केंद्र सरकारने तपासणीच्या ज्या सूचना काढल्या त्यांत असे होते की, तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, शिक्षकांनी प्राथमिक चाचणी घ्यावी. प्रत्येक शाळेत, मग ती सरकारी असो वा खाजगी, मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली एक समिती असावी. आणि शंका आली तर समितीने पालकांना भेटावे. प्रमाणपत्र आठ वर्षांनंतर, आणि पुढे चौदाव्या व अठराव्या वर्षी फेरतपासणी. पुढे २०२४ साली या सूचना नव्याने काढण्यात आल्या.

या आठ वर्षांच्या अटीचा एक विपरीत परिणाम आम्ही जवळून पाहिला आहे. पहिलीतल्या मुलीची आई काळजीने विचारते, "बाई, हिला अजून अक्षरेच लागत नाहीत हो." बाई धीर देतात, "लहान आहे अजून. आठ वर्षांची होऊ द्या, मग पाहू." बाईंचा हेतू वाईट नसतो. पण आठ वर्षांची अट प्रमाणपत्राची आहे, मदतीची नव्हे. ध्वनी आणि अक्षर यांचा जादा सराव पहिलीतही देता येतो, त्याला कोणाच्या सहीशिक्क्याची जरुरी नाही. ही दोन वर्षे फुकट गेली की मुलगी वाचनात तर मागे पडतेच, शिवाय 'मला येत नाही' हा धडा मात्र पक्का पाठ करते. तेव्हा शाळेने पालकांना सांगण्याची पहिली गोष्ट हीच की, कागद मिळण्यास वेळ आहे, काम आजपासून सुरू आहे.

सवलतींचेही तसेच. १९९६ साली महाराष्ट्र शासनाने अध्ययन अक्षम मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती दिल्या. जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे कानाडोळा, एका भाषेऐवजी कार्यानुभवाचा विषय, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे गणित, अशा त्या होत्या. यामुळे पुष्कळ मुले तरून गेली, यात संशय नाही. पण जादा वेळ घेणे निराळे आणि गणित सोडणे निराळे. पहिल्याने मुलाची कुवत दिसून येते. दुसऱ्याने ज्या शाखा गणितावर उभ्या आहेत त्यांची वाट अवघड होते. अर्जावर सही घेण्यापूर्वी हा फरक पालकांना समोर बसवून समजावून दिला पाहिजे. ज्याला कार्यालयाच्या खिडकीत उभे राहून सही करावी लागते, तो बाप 'शाळा म्हणते तर बरेच असेल' असे म्हणतो आणि सही करतो.

आमच्या कायद्यातील उणीव आम्हाला येथे दिसते. ओळखा, उपाय करा, पालकांना माहिती द्या, हे सर्व त्यात आहे. पण कोणत्या कागदावर, किती दिवसांत, कोणकोणत्या गोष्टी, हे नेमके नाही. अमेरिकेतील टेक्सास राज्याने हे कलमवार लिहून ठेवले आहे. डिसलेक्सियासाठी तेथे कायदा झाला तो १९८५ साली. २०१७ मध्ये ठरले की, बालवर्ग संपताना आणि पुन्हा पहिली संपेपर्यंत मुलांची चाचणी व्हावी. त्याच वर्षी असेही ठरले की, शिकण्याच्या अडचणीसाठी शाळा एखाद्या मुलाला जादा मदत देऊ लागली की पालकांना दर वर्षी लेखी कळवावे. मदत कोणती, यापूर्वी काय करून पाहिले व त्यातून काय आढळले, ही मदत अंदाजे किती काळ चालेल, प्रगतीचा अहवाल केव्हा केव्हा मिळेल, आणि आपल्या मुलाची रीतसर तपासणी व्हावी अशी मागणी पालक केव्हाही करू शकतात, इतके सर्व त्या पत्रात हवे. आणि ते इंग्रजीत किंवा शक्य तेथे पालकांच्या स्वतःच्या भाषेत असावे.

हे पत्र कशातून निघाले, तीही हकीकत ऐकण्याजोगी आहे. त्याच राज्यात २००४ पासून वरिष्ठ शिक्षणखात्याने एक आकडा धरला होता. विशेष शिक्षणात शंभरांत साडेआठांहून अधिक मुले नसावीत. उघड कायदा असा नव्हता, पण शाळांची तपासणी त्या आकड्यावर होई. मग शाळा काय करणार? मुले तर साडेआठांवर थांबत नाहीत, थांबविली गेली. 'थोडी जादा मदत देऊन पाहू' असे सांगून पालकांना वर्षानुवर्षे बसविले गेले, आणि तपासणी मागण्याचा आपल्याला हक्क आहे हे पुष्कळांना कळलेच नाही. २०१६ साली ह्यूस्टनच्या एका वर्तमानपत्राने हे चव्हाट्यावर आणले. २०१७ मध्ये तो आकडा कायद्याने बंद झाला. आणि जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय शिक्षणखात्याने राज्याने कायदा मोडल्याचा निर्णय दिला. बारा वर्षे हा प्रकार चालू शकला, याला पालकांचे अज्ञान हे एक मोठे कारण होते. २०२३ मध्ये तेथे आणखी कायदा होऊन डिसलेक्सियाच्या संशयाची तपासणी पूर्णपणे विशेष शिक्षणाच्या चौकटीत आणली गेली.

आता शरीराच्या क्षमतेकडे वळतो. हे दोन विषय एकत्र का घेतले, असे कोणी विचारील. कारण शाळेत ते एकमेकांच्या वाटेत येतात. वाचनात मागे पडलेल्या मुलाला जादा तास कोणता मिळतो? बहुधा खेळाचा. शारीरिक शिक्षणाच्या तासाला इतर मुले मैदानावर, आणि हा वर्गात बसून शुद्धलेखन लिहितो आहे, हे दृश्य कोणत्याही गावात पाहावे. ज्या एका जागी तो इतरांच्या बरोबरीचा किंवा त्यांच्याहून सरस असतो, तीच जागा आपण त्याच्याकडून काढून घेतो. उलट दुसरा प्रकार असा की, शब्द चुकला म्हणून मैदानाला पाच फेऱ्या. शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेला बंदी केली आहे हे बाजूला ठेवले, तरी धावणे ही ज्याला शिक्षा म्हणूनच भेटली तो मुलगा मोठेपणी हौसेने धावेल, ही अपेक्षा कोणी करू नये. अशा दोन्ही वेळी शाळेने घरी काही कळविल्याचे आम्हाला आठवत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी साठ मिनिटे बऱ्यापैकी दमविणारी हालचाल सांगितली आहे. आठवड्यातून दोन-तीन तासिका, त्यांतही पावसाळ्यात मैदानाचे तळे आणि परीक्षेच्या काळात तासच रद्द, हा हिशेब पालकांनी स्वतः करून पाहावा. तो करण्यासाठी त्यांना कळले पाहिजे की, गेल्या महिन्यात खेळाचे किती तास प्रत्यक्ष झाले. हे सांगणे शाळेला काहीच अवघड नाही. अडचणीचे मात्र असू शकते.

मोजमापाची साधने आहेत. २०१९ साली 'खेलो इंडिया' योजनेतून शाळांसाठी ज्या चाचण्या आल्या त्यांत पहिली ते तिसरीच्या मुलांना एका पायावर तोल सांभाळणे आणि दोन तबकड्यांवर आलटूनपालटून हात मारणे हे आहे. चौथीपासून पुढे पन्नास मीटर धाव, सहाशे मीटर धावणे किंवा चालणे, बसून पायांच्या बोटांकडे हात नेणे, पोटाचे व दंडाचे व्यायाम. उंचीच्या मानाने वजन हे दोन्ही गटांत. समजा, दहा वर्षांच्या मुलाची उंची १४० सेंटिमीटर आणि वजन ३५ किलो आहे. पस्तीसला १.४ च्या वर्गाने, म्हणजे १.९६ ने भागले की सुमारे १७.९ येतात. हा आकडा मोठ्या माणसांच्या २३ किंवा २५ शी ताडून पाहू नये. मुलांसाठी तो वय आणि मुलगा-मुलगी यांप्रमाणे तक्त्यात पाहावा लागतो. नुसते '३५ किलो' लिहून घरी पाठविले, तर आजी म्हणते 'हडकुळा आहे', आई म्हणते 'बरा आहे', आणि दोघींच्याही हाती तक्ता नसतो. टेक्सासात २००७ पासून शाळांत दर वर्षी अशी चाचणी होऊ लागली, आणि तिचा निकाल वर्षअखेरीस लेखी मागता येतो, ही सूचना विद्यार्थ्यांच्या नियमपुस्तिकेत छापणे शाळांवर बंधनकारक झाले. आपल्याकडे चाचणी होते तेथेसुद्धा तिचे आकडे वर चढविले जातात, पण घरी पोचतातच असे नाही.

आपल्याकडे याहून मोठे एक साधन २०१३ पासून आहे, आणि त्याचा आरंभ महाराष्ट्रातच, पालघरला झाला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम हे त्याचे नाव. डॉक्टरांची पथके सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा येऊन मुले तपासतात. जे तीस विकार पाहावयाचे त्यांच्या यादीत दृष्टी, श्रवण, रक्तक्षय, कुपोषण यांच्याबरोबर शिकण्याची अडचण हीही आहे. म्हणजे शरीर आणि वाचन हे आम्ही आज ओढून जोडलेले नाही; सरकारी पथकाच्या कागदावर ते आधीच शेजारी शेजारी आहेत. पथक येऊन गेले हे पालकांना कळते ते मुलाच्या तोंडून, 'आज डॉक्टर आले होते, जीभ बघितली' अशा शब्दांत. कागदावर काय लिहिले, हे विचारायला कोणी जात नाही.

सांगण्याची रीतही महत्त्वाची. मुलाचे वजन रांगेत उभे करून मोठ्याने वाचू नये, आणि मुलाची वाचनाची अडचण भरसभेत इतर पालकांसमोर काढू नये. पालकसभा ही सर्वांसाठी. अशी गोष्ट त्या घरच्या माणसांशीच बोलावी. पालकांच्या बाजूनेही दोष आहेत. 'अपंग' हा शिक्का नको, म्हणून तपासणीची चिठ्ठी दडवून ठेवणारी सुशिक्षित घरे आम्ही पाहिली आहेत. मुलगी असेल तर लग्नाची चिंता आठव्या वर्षापासून. अशा घराला भीती दाखवून उपयोग नसतो. मुलाला काय येते ते आधी सांगावे, मग काय येत नाही ते सांगावे, आणि दोन्ही उदाहरणांसह, म्हणजे त्याची वही समोर ठेवून.

आमच्या त्या विद्यार्थ्याचे वडील पुढे बऱ्याच वर्षांनी आम्हाला बाजारात भेटले. त्यांचे लोखंडी सामानाचे दुकान होते, चांगले चालत होते. नातवाला शाळेने तपासणीला पाठविले होते आणि तेथील डॉक्टरांनी सगळे नीट समजावून दिले होते. ते म्हणाले, "सर, डॉक्टरीणबाई नातवाचं सांगत होत्या आणि मी मनात म्हणत होतो, हे तर माझंच सांगताहेत. आयुष्यभर दुकानाची वही मुनीमच लिहितो. मला वाचायला येत नाही असं नाही, पण एक पान वाचायचं म्हणजे…" ते थांबले. मग त्यांनी विचारले, मुलाच्या वेळी हे शाळेत कोणाला ठाऊक नव्हते का?

आम्ही त्यांना खरे ते सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, पिशवी या हातातून त्या हातात घेतली, आणि नातवाच्या शाळेत सोमवारी काय विचारायचे ते एका कागदावर लिहून मागितले. आम्ही तेथेच दुकानाच्या पायरीवर बसून लिहिले. वाचनासाठी जादा तास कोणत्या वारी आहे, तो कोण घेणार, त्यासाठी खेळाचा तास तर बुडत नाही ना, प्रगती केव्हा कळविणार, आणि डॉक्टरांचे पथक शाळेत आले होते त्यांच्या कागदाची प्रत मिळेल का. अक्षर मोठे काढले, आणि दोन ओळींत अंतर पुष्कळ ठेवले.